आधी भाकर, मग बोध

थकलेल्या ख्रिस्ती माणसाच्या पाठीवर बहुधा दोन ओझी असतात. एक थकव्याचं आणि दुसरं थकल्याच्या अपराधीपणाचं. नोकरी, घर, अंथरुणाला खिळलेले सासरे, मुलांच्या फिया, त्यात मंडळीची कामं, यांनी जीव मेटाकुटीला येतो. आणि वर मनात येतं, माझाच विश्वास कमी पडतोय, नाहीतर मला असं का वाटलं असतं? उपासनेत गीत म्हणताना ओठ हलतात, आत काहीच हलत नाही. कुणी विचारलं, “कसं चाललंय?” तर “प्रभूच्या कृपेनं छान” हे उत्तर तयार असतं. हा लेख ते उत्तर देऊन देऊन दमलेल्यांसाठी आहे.

आधी दुसरं ओझं खाली ठेवू या. थकणं हे पाप नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात खुद्द प्रभू येशू वाटेनं दमून शोमरोनातल्या विहिरीपाशी बसलेला आहे आणि एका अनोळखी बाईकडे पाणी मागतो आहे. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळ उठलंय, तारवात पाणी शिरतंय आणि तो मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलाय. दिवसभर लोकांना शिकवून दमलेल्या माणसाची ती झोप आहे. मोशे तर गणनाच्या अकराव्या अध्यायात देवाला सरळ सांगतो, हे एवढे लोक मला एकट्याला पेलवत नाहीत, त्यापेक्षा मला मारून टाक. देव त्याच्यावर रागावत नाही. सत्तर वडीलजन निवडून तो मोशेचा भार त्यांच्यात वाटून देतो. पवित्र शास्त्राला थकलेल्या माणसाची लाज वाटत नाही, मग आपणच का वाटून घ्यावी?

एलीयाची गोष्ट मात्र सावकाश वाचायला हवी. राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. थकलेल्या माणसाशी कसं वागावं, हे याहून चांगलं शिकवणारं पान मला शास्त्रात दुसरं माहीत नाही.

आदल्याच अध्यायात एलीयानं कर्मेल डोंगरावर बालाच्या साडेचारशे संदेष्ट्यांना एकट्यानं तोंड दिलं. आकाशातून अग्नी उतरला, लोकांनी परमेश्वराचं नाव घेतलं, कितीतरी दिवसांच्या अवर्षणानंतर पाऊस पडला. त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय होता तो. आणि लगेच ईजबेल राणीचा एक निरोप येतो, उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते. एवढ्यानं तो कोसळतो. साडेचारशे जणांना न भ्यालेला माणूस एका निरोपाला भितो, कारण अंगात त्राणच उरलेलं नाही. मोठं काम पार पडल्यावरचा थकवा असाच गाठतो. मुलीचं लग्न उरकल्यावर, नाताळचे कार्यक्रम संपल्यावर, मोठ्या आजारातून घरचं माणूस उठल्यावर. आता सगळं ठीक आहे आणि मी का रडतेय, असं ज्यांना होतं, त्यांनी हा अध्याय वाचावा.

बैरशेब्याला आल्यावर एलीया आपल्या चाकराला तिथेच ठेवतो आणि एकटाच रानात निघतो. दमलेला माणूस पहिल्यांदा सोबत सोडतो, हे त्या लिहिणाऱ्यानं किती नेमकं टिपलंय! दिवसभर चालून एका झुडपाखाली बसतो, आता पुरे झालं, मला मरण दे अशी प्रार्थना करतो आणि झोपतो. मग देवदूत येतो. तो एलीयाला कर्मेलची आठवण करून देत नाही, विश्वास कुठे गेला असं विचारत नाही, उपास करायला सांगत नाही. अंगाला हात लावून उठवतो आणि म्हणतो, जेव. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं आहे. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही आधी जेवायलाच सांगतो, कारण पुढची वाट तुझ्या ताकदीबाहेरची आहे.

बोध होतो तो त्यानंतर, चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेबला पोचल्यावर. तिथे देव विचारतो, इथे काय करतोस? एलीया आपलं गाऱ्हाणं सांगतो, मी एकटाच उरलोय. वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो आणि शेवटी एक हलका, शांत स्वर. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि एलीया तेच गाऱ्हाणं जवळपास त्याच शब्दांत पुन्हा सांगतो. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. मगच तो त्याला परतीची वाट दाखवतो, करण्यासारखी कामं सोपवतो, अलीशा नावाचा जोडीदार देतो आणि तू एकटा नाहीस, इस्राएलात अजून सात हजार आहेत, हेही सांगतो.

हा क्रम लक्षात ठेवा. झोप, भाकर, पुन्हा झोप, मन मोकळं करणं आणि शेवटी काम व सोबत. आपण नेमकं उलटं करतो. दमलेल्या माणसाला आधी वचन सुनावतो, मग एखादी जबाबदारी देतो आणि जेवलास का हे विचारायचं राहूनच जातं.

म्हणून पहिलं पाऊल शरीराचं आहे आणि ते आत्मिक नाही असं समजू नका. मिरज, जालना, नगर इथल्या मिशन हॉस्पिटलांच्या परंपरेमुळे आपल्या मंडळ्यांत परिचारिकांची घरं पुष्कळ. अशा घरातला रविवार डोळ्यांसमोर आणा. रात्रपाळी संपवून ती साडेआठला घरी येते. चहाचं आधण ठेवते, मुलांना उठवते, कणीक मळता मळता नवऱ्याच्या सदऱ्याला इस्त्री करते, डोक्यावर पाणी घेते आणि साडेनऊला पांढरी साडी नेसून मंडळीत तिसऱ्या बाकावर बसते. उपदेशाच्या मध्यावर तिची मान लवंडते. मागच्या बाकावरून कुणीतरी कोपरानं ढोसतं आणि ती ओशाळून सरळ बसते. मला त्या बहिणीला सांगायचंय, ताई, त्या दिवशी तुमची प्रार्थना म्हणजे तुमची झोप. घरी झोपा, संध्याकाळच्या उपासनेला या. संध्याकाळची उपासना नसेल तर चार वाजता उठून एक स्तोत्र वाचा आणि देवाचे आभार माना. एकशे सत्ताविसाव्या स्तोत्रात झोप ही देवाची देणगी म्हटली आहे. पहाटे उठून रात्रीपर्यंत राबणं आणि कष्टाची भाकर खाणं यालाच भक्ती समजणाऱ्यांना ते स्तोत्र थांबवतं. आणि एकशे एकविसावं स्तोत्र सांगतं की इस्राएलाचा राखणारा झोपत नाही, डुलकीही घेत नाही. तो जागा आहे म्हणून आपल्याला डोळे मिटता येतात.

झोपताना उद्याची कामं डोक्यात फेर धरत असतील तर ती वहीत लिहून काढा. वहीवर हात ठेवून एवढंच म्हणा, प्रभू, हे उद्याचं आहे, आज तुझ्याकडे ठेवतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. या गोष्टी साध्या आहेत, पण पंधरा दिवस नेमानं केल्या तर फरक कळतो.

आता प्रार्थनेविषयी. थकव्यात प्रार्थनाच होत नाही, ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो. शब्द सुचत नाहीत, सुचले तर ते खोटे वाटतात. अशा वेळी स्वतःचे शब्द शोधत बसू नका, स्तोत्रसंहिता उघडा. दीडशे स्तोत्रांत गाऱ्हाण्यांचा वाटा फार मोठा आहे आणि आपण मात्र स्तुतीचीच निवडून वाचतो. तेरावं स्तोत्र किती काळ, किती काळ असं चार वेळा विचारतच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. ज्यानं पवित्र शास्त्रात अशा स्तोत्राला जागा दिली, त्याच्यापुढे तोंड हसरं करून जायची गरज नाही. रोज ठरावीक वेळी एकच स्तोत्र मोठ्यानं वाचा. काही वाटलं नाही तरी चालेल. वाटणं तुमच्या हातात नसतं, वाचणं असतं. कॅथलिक घरांत जपमाळेची सवय असते, तिचाही हाच आधार आहे. मन चालत नसतं तेव्हा पूर्वजांनी घालून दिलेल्या शब्दांवर रेलून उभं राहता येतं.

तेही जमत नसेल तर दुसऱ्यांना तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती आठवा. चौघांनी त्याला बाजेसकट उचलून आणलं, कफर्णहूमातल्या घराचं छप्पर उसकटलं आणि खाली सोडलं. येशूनं त्यांचा विश्वास पाहिला असं मार्क लिहितो. त्या पडलेल्या माणसाचा स्वतःचा विश्वास किती होता, याची चौकशी कुणी केलेली नाही. काही दिवस आपण बाज उचलणाऱ्यांत असतो, काही दिवस बाजेवर असतो. बाजेवर असतानाही आपण मंडळीचेच असतो.

मत्तयाच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी येशूचं प्रसिद्ध आमंत्रण आहे. कष्टी आणि भाराक्रांत लोकांना तो आपल्याकडे बोलावतो आणि विसावा देण्याचं वचन देतो. हे वचन आपल्याकडे कॅलेंडरांवर, गाड्यांच्या काचांवर, स्मशानभूमीतल्या दगडांवर इतक्या ठिकाणी असतं की त्याच्या आजूबाजूचं वाचायचं राहून जातं. तो अख्खा अध्याय अपयशाचा आहे. सुरुवातीला तुरुंगात पडलेला बाप्तिस्मा करणारा योहान निरोप्यांकरवी विचारतो, येणारा तो तूच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? मग खोराजिन, बेथसैदा आणि कफर्णहूम या गावांनी येशूला नाकारल्याचं येतं. ज्या गावांत त्यानं सर्वाधिक कामं केली, तिथेच पदरी निराशा आली. आणि तिथे, त्या निराशेच्या मधोमध, तो पित्याचे आभार मानतो आणि थकलेल्यांना हाक मारतो. सगळं सुरळीत चाललेल्या माणसानं दिलेला हा दिलासा नाही, म्हणूनच तो टेकायला भक्कम आहे.

दुसरं असं की या आमंत्रणात विसाव्याच्या जोडीला जू आहे. येशू काम काढून घेत नाही. सासऱ्यांची सेवा संपणार नाही, रात्रपाळ्या चुकणार नाहीत. पण आपण ज्या ओझ्यानं वाकतो, त्यातला फार मोठा हिस्सा कामाचा नसतोच. मी पुरेशी चांगली आई आहे का, मी देवाला पसंत आहे का, लोक काय म्हणतील, मी थांबलो तर सगळं कोसळेल, हे ते ओझं. शास्त्री आणि परूशी लोकांच्या खांद्यांवर जड ओझी बांधतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत, असं येशू याच शुभवर्तमानात पुढे तेविसाव्या अध्यायात म्हणतो. तो देतो ते जू सौम्य धन्याचं आहे. त्याला पसंत पडण्यासाठी राबायचं नाही, आपण पसंत पडलेलेच आहोत आणि म्हणून काम करायचं. ख्रिस्ती विश्वासातली विश्रांती माझ्या समजुतीप्रमाणे इथे आहे. ती कमवावी लागत नाही, घ्यावी लागते.

हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतं. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आईवडील गेले, मग बहीण, 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती. पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन उघडलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. एवढं सगळं करत असताना आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिलं. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांना उमगलं की आपण विद्वत्तेनं, सत्कर्मानं किंवा विधींनी तरणार नाही, आहोत तशा स्वीकारल्या गेलो आहोत. त्यांचं काम त्यानंतर कमी झालं नाही, उलट वाढलं. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि बायका केडगावला आणून मुक्ती मिशन उभं केलं. तिथल्याच बायकांनी छापखाना चालवला. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचा मराठी अनुवाद करत राहिल्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. तरी त्यांनी ते काम तडीस नेलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. विसावा म्हणजे निवृत्ती असं मानणाऱ्याला हे आयुष्य कोडंच वाटेल. पण ज्यानं स्वतःला सिद्ध करण्याचं ओझं खाली ठेवलंय, त्याच्याकडे कामासाठी किती बळ उरतं, हे केडगावात दिसतं.

आता आपल्या रविवारकडे येऊ. शब्बाथाची आज्ञा बायबलमध्ये दोन ठिकाणी सविस्तर येते आणि तिची कारणं वेगवेगळी दिली आहेत. निर्गमात म्हटलंय की देवानं सहा दिवस निर्मिती केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद या पुस्तकात म्हटलंय की तुम्ही मिसरात गुलाम होतात, याची आठवण ठेवा. गुलामाला सुट्टी नसते. म्हणून त्या दिवशी दास, दासी, बैल, गाढव, वेशीतला परका, सगळ्यांनी थांबायचं. हे दुसरं कारण मला आपल्या घरांसाठी फार मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडे रविवारी पुरुष आणि मुलं विसावा घेतात आणि घरातली बाई त्या दिवशी सर्वांत जास्त राबते. उपासनेहून आल्या आल्या पदर खोचून मटणाला फोडणी, पाहुणे, भात, कोशिंबीर, भांड्यांचा ढीग. हा शब्बाथ नव्हे. सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना गोळा करायची सोय देवानं रानातसुद्धा केली होती. आपणही शनिवारीच कालवण करून ठेवू शकतो. रविवारी नुसता खिमटभात, पिठलं, नाहीतर शेजारच्या खानावळीतून आणलेल्या पोळ्या चालतात. भांडी मुलगे घासू शकतात. पाहुण्यांना आधी सांगता येतं की आमच्याकडे रविवारी साधं जेवण असतं, पण या जरूर.

इथे मार्थेची आठवण हमखास काढली जाते आणि तिच्यावर अन्याय होतो. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू तिला थांबवतो ते पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग यासाठी, स्वयंपाकासाठी नव्हे. योहानाच्या अकराव्या अध्यायात भावाच्या मरणानंतर हीच मार्था येशूपुढे आपला विश्वास ठामपणे कबूल करते. बाराव्या अध्यायात बेथानीला पंगत बसली आहे आणि मार्था वाढते आहे, पण या वेळी तक्रार नाही. काम तेच आहे, फक्त मनातली दगदग गेली आहे.

रविवार पूर्ण मोकळा मिळणं ज्यांना शक्य नाही, त्यांनी आठवड्यातला कुठलाही अर्धा दिवस धरावा. पाळकांनी तर धरायलाच हवा. त्यांचा रविवार कामाचा, सोमवार अंत्यविधीचा, मंगळवार कमिटीचा. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्यानं न्यायनिवाडा करताना पाहतो आणि तोंडावर सांगतो, हे बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेम. माझ्या मते प्रत्येक मंडळीला एक इथ्रो हवा. वर्षानुवर्षं तीच बाई रविवारची शाळा, महिला मंडळ, कॉयर आणि फुलांची सजावट सांभाळत असेल, तर तिच्या समर्पणाचं कौतुक करत बसू नका, तिच्या हातातली दोन कामं काढून दुसऱ्यांना द्या. आणि ती बाई तुम्ही असाल, तर या वार्षिक सभेत एका पदासाठी नाही म्हणा. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशूनं त्यांना एकांती जाऊन थोडं विसावायला सांगितलं. तारू पलीकडे पोचेपर्यंत लोकांची गर्दी तिथे आधीच जमली होती, हेही मार्क लपवत नाही. विसाव्याचा बेत फसतो. फसला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करायचा.

समाधानाविषयी आपल्यात एक गैरसमज घट्ट आहे. समाधानी माणसाला कशाची, कुणाची गरज लागत नाही, असा. पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र तुरुंगातून लिहिलंय आणि त्यात तो म्हणतो की कुठल्याही परिस्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. शिकलो हे महत्त्वाचं, त्याला ते उपजत नव्हतं. आणि त्याच पत्रात तो फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीबद्दल मनापासून आभार मानतो. एपफ्रदीत मरणाच्या दारी जाऊन आला, तो वाचला नसता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, हेही मोकळेपणी लिहितो. म्हणजे समाधान शिकलेला पौल मदत घेतो, मित्रासाठी व्याकूळ होतो. कोरडेपणाला समाधान म्हणायचं नाही.

हे शिकायचं कसं? मला मान्नाचा धडा उपयोगी वाटतो. आजच्यापुरता गोळा करायचा. हावरटपणानं उद्यासाठी ठेवला त्याच्यात किडे पडले. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण आजचीच भाकर मागतो. रात्री जेवणानंतरच्या कुटुंबप्रार्थनेत प्रत्येकानं आज मिळालेली एक नेमकी गोष्ट सांगावी. सर्व आशीर्वादांसाठी धन्यवाद असं ढोबळ म्हणू नये. नळाला पाणी आलं, गणिताचा पेपर सोपा गेला, आजीनं दोन घास जास्त खाल्ले. लहान मुलं यात सर्वांत पुढे असतात. त्याच्या जोडीला एक कठीण गोष्ट करावी लागेल. बाप्तिस्मा, साखरपुडा, लग्न यांच्या जेवणावळींसाठी कर्ज काढणं थांबवावं लागेल. हप्ते फेडण्यासाठी दुहेरी पाळी करणाऱ्या माणसाला समाधानाचं वचन ऐकवून उपयोग नाही. पुढच्या लग्नात पन्नास पानं कमी मांडली तर त्याला खराच विसावा मिळेल.

एक इशारा इथे दिलाच पाहिजे. समाधान हे अन्यायावरचं झाकण नव्हे. मिसरात फारो गवत न देता तितक्याच विटा मागत होता, तेव्हा देवानं इस्राएलांना समाधानी राहायला सांगितलं नाही. त्यांना तिथून बाहेर काढलं. नवरा मारत असेल, मालक पगार थकवत असेल, संस्थेत सेवेच्या नावाखाली पिळवणूक होत असेल, तर सहन कर, प्रभू बघतोय हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करणं हा अविश्वास नाही.

तसंच काही थकवे झोपेनं आणि सुट्टीनं जात नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, साखर तपासून घ्या, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. औषध घेणारा ख्रिस्ती कमी विश्वासाचा असतो, असं कुणी म्हटलं तर त्यांना एलीयाच्या उशाशी ठेवलेली भाकर दाखवा. देव साधनांनी काम करतो. पाळकाची प्रार्थना आणि डॉक्टरची गोळी यांत भांडण लावण्याचं कारण नाही.

आज तुम्ही अगदी दमलेले असाल तर या लेखातलं सगळं एकदम करायला जाऊ नका, तो नवा भार होईल. आज फक्त लवकर झोपा आणि सकाळी एकशे एकतिसावं स्तोत्र वाचा. तीनच वचनं आहेत. आईपाशी निवांत बसलेल्या मुलासारखं मन झालंय, मोठाल्या गोष्टींमागे मी धावत नाही, असं ते स्तोत्र म्हणतं. उद्या तेवढंच पुरे.

आणि तुम्ही आज दमलेले नसाल, तर तुमच्या मंडळीत कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाकडे तान्हं मूल आहे, कोण रात्रपाळी करतंय, हे पाहा. येत्या रविवारी त्या घरी जेवणाचा डबा पोचवा, दोन तास रुग्णाजवळ बसा आणि घरातल्या बाईला सांगा, तुम्ही झोपा, मी आहे इथे.